पद्मिनीचा एसी पंप

गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येताना निदान घरूनच करून आणतं. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, तेवढा काढून द्या.’ आमच्या धंद्यात कचरा हा सगळ्यात सोयीचा गुन्हेगार. तो कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याची बाजू घेणारंही कुणी नसतं. कार्बोरेटर उघडायचा, हवा मारायची, बंद करायचा आणि पैसे घ्यायचे. गाडी आठवडाभर बरी चालतेही. मग पुन्हा कचरा.

वाईला पसरणी घाटाच्या पायथ्याशी गॅरेज असण्याचा एक फायदा आहे. सपाटीवर गाडीचं जे दुखणं लपून राहतं, ते घाट बाहेर काढतो. पाचगणी साधारण तेराशे मीटर उंचीवर. दहा-बारा किलोमीटरच्या रस्त्यात पाचशेहून जास्त मीटर चढायचं, तेही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, इंजिन तापलेलं, वेग कमी, त्यामुळे वाराही कमी. ज्या गाडीला पेट्रोल जेमतेम पुरतंय, ती बाजारातून आरामात फिरेल, पण घाटात उघडी पडेलच.

सरांची पद्मिनी अशीच उघडी पडली. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मला त्यांनी सातवीला गणित शिकवलं. त्यामुळे ते अजून मला अरेतुरे करतात आणि बिल सांगताना मी अजून उभा राहतो. गाडी नव्वदच्या दशकातली, पांढरी, स्टिअरिंगला गिअर. सकाळी स्टार्ट व्हायला खूप वेळ घ्यायची. एकदा झाली की दिवसभर तक्रार नाही. पण घाटाच्या वरच्या वळणांवर झटके द्यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी चालू. एका गॅरेजमध्ये कॉइल बदलून झाली होती, प्लग-पॉइंट नवे होते, कार्बोरेटर तर इतक्यांदा उघडला होता की स्क्रूंची डोकी गोल झालेली.

‘‘काय रे, किती दिवस ठेवायची?’’

‘‘सर, आधी आजार तर कळू दे.’’

‘‘आजार मला माहितीय. म्हातारी झालीय.’’

म्हातारी झालीय हे निदान मला मान्य नाही. म्हातारी गाडीसुद्धा कारणाशिवाय बंद पडत नाही.

या गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे. मधलं अंतर पेट्रोल आपणहून चालत येत नाही. ते ओढून आणायचं काम इंजिनाच्या कुशीला बसवलेला तळहाताएवढा पंप करतो. त्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात. थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही. त्याला वायर नाही, मोटर नाही. इंजिनातला कॅम फिरताना एक दांडी ढकलतो, दांडी पंपाच्या आतली तरफ हलवते, तरफ रबर चढवलेल्या कापडाचा गोल पडदा खाली ओढते. हा पडदा म्हणजे डायफ्रॅम. तो खाली गेला की भात्यासारखी पोकळी होते आणि मागून पेट्रोल आत येतं. कॅम सरकला की पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर लोटते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर एकेक व्हॉल्व्ह, उलटं फिरू नये म्हणून. कार्बोरेटरची वाटी भरली की तिथली सुई बंद होते, पडदा खालीच थांबतो, तरफ नुसती हलत राहते. म्हणजे गरज असेल तेवढंच पेट्रोल पुढे, आणि दाब किती, तर त्या स्प्रिंगचा असेल तेवढा. पाव बारच्या आसपास. इतक्या कमी भागांत इतकं काम करणारी वस्तू गाडीत दुसरी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पंप बदलण्याआधी तो दोषी आहे हे ठरलं पाहिजे. इथेच बहुतेक जण घाई करतात. मी आधी कॉइलची मधली वायर काढून बॉडीला लावली, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. कार्बोरेटरला जाणारा पाईप सोडवून पाण्याच्या बाटलीत घातला आणि गॅरेजमधल्या पोराला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी, म्हणून धारही तशीच येते, थांबत-थांबत, पण प्रत्येक वेळी ठसक्यात. सरांच्या गाडीत ठसका नव्हता. पाईपच्या तोंडाशी पेट्रोल यायचं, जरा विचार करायचं आणि ओघळायचं. मध्येच बुडबुडे.

बुडबुडे दिसले की पंपाला अर्धी सूट द्यावी लागते. कारण पंप जे ओढतो ते पेट्रोलच असलं पाहिजे असं नाही. मागच्या रबरी पाईपला चीर असेल तर तो हवा ओढतो, आणि हवा ओढणं पेट्रोलपेक्षा सोपं. चीर असलेला पाईप बाहेर ठिपकतोच असंही नाही. ओढीच्या बाजूला गळती आतल्या दिशेने असते, म्हणून खाली डाग शोधून काही मिळत नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तरी तीच रड. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत पोकळी होते आणि पंप तिच्याशी झगडत बसतो. असं असेल तर झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येतो. सरांच्या टाकीला तो आला नाही.

म्हणून दुसरी परीक्षा. टाकीकडचा पाईप बंद केला, एका छोट्या कॅनमधून नवाकोरा हातभर पाईप थेट पंपाला दिला आणि पुन्हा सेल्फ. बुडबुडे गेले. धार मात्र तशीच मरतुकडी. याचा अर्थ चोर दोन होते. पाईप फाटका होताच, पण पंपही गेलेला होता. एकच चोर सापडल्यावर पोलीस ठाणं बंद करून घरी जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पाईप बदलून गाडी दिली असती आणि सर पुन्हा घाटात उभे राहिले असते.

मग मी ऑइलची पट्टी काढली. हे मला ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी शिकवलेलं. पेट्रोलच्या तक्रारीत ऑइल बघायचंच. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. सर काही ऑइल ओतत नव्हते, आणि इंजिनात ऑइल कधी वाढत नसतं. पट्टी नाकाशी नेली तर पेट्रोलचा भपकारा. बोटावर घेतलं तर चिकटपणा नाही, पाण्यासारखं पळतंय. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडला. मधे काळा ठिपका आणि भोवती भराभर पसरणारं फिकट कडं. डायफ्रॅम फाटला की काही पेट्रोल पंपाच्या खालच्या भोकातून बाहेर ठिपकतं आणि काही दांडीच्या वाटेने इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. बाहेर ठिपकलं तर आगीची भीती, आत उतरलं तर बेअरिंगची. पातळ झालेल्या ऑइलवर हा माणूस गाडी पसरणी घाटात नेत होता. बंद पडत होती हेच नशीब म्हणायचं.

सरांना पट्टी दाखवली. त्यांनी वास घेतला, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘म्हणजे ॲव्हरेज कमी का झालं तेही हेच?’’

‘‘हेच सर.’’

‘‘मग आधीच्याने हे का नाही बघितलं?’’

याचं उत्तर मी दिलं नाही. एका गावात दोन गॅरेजवाले आहेत, तोंड तर रोज बघायचं असतं.

पंप उतरवायला वेळ लागत नाही. बॅटरीचं टर्मिनल काढायचं, इंजिन गार होऊ द्यायचं, पिवळा बल्ब असलेला हँडलॅम्प जवळ आणायचा नाही. त्यावर पेट्रोलचा थेंब पडून काच फुटली तर पुढचं सांगायला नको. वाळूची बादली हाताशी. टाकीकडून येणाऱ्या पाईपच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळायची, नाहीतर खाली धार लागते. इंजिन हाताने फिरवून कॅमची खोलगट बाजू दांडीसमोर आणायची. मग स्प्रिंगचा जोर राहत नाही आणि पंप रुसल्यासारखा वाकडा होत नाही. दोन नट. वरचा दिसतो, खालचा बोटांनी चाचपून काढायचा. नट निघाले की पंप हातात, त्यामागे बेकेलाइटचा जाड तुकडा आणि दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग.

तो बेकेलाइटचा तुकडा फेकू नये म्हणून मला प्रत्येक नव्या पोराला ओरडावं लागतं. तो इंजिनाची धग पंपात जाऊ देत नाही. शिवाय त्याची आणि पॅकिंगची मिळून जी जाडी होते त्यावर दांडी किती पुढे येणार हे ठरतं. पॅकिंग जाड पडलं तर दांडी तरफेपर्यंत पुरी पोचत नाही आणि नवा पंपही अर्धाच ओढतो. पातळ पडलं तर दांडी तरफेला प्रमाणाबाहेर रेटते आणि डायफ्रॅम ताणून फाटतो. नवा पंप लगेच गेला अशी बोंब मारणाऱ्यांनी आधी जुन्या पॅकिंगचे थर खरवडले होते का ते आठवावं.

आता प्रश्न, पूर्ण पंप नवा घालायचा की जुना उघडून किट टाकायचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियरची ही गाडी कुर्ल्याला बनायची; तो कारखाना थांबूनही आता किती वर्षं झाली. तरी सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे. टॅक्सीवाल्याला गाडी उद्या सकाळी रस्त्यावर हवी असते, म्हणून दुकानदार माल ठेवायचा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी त्यावर हळवे लेख लिहिले. मला आधी आठवला तो पुण्याच्या नाना पेठेतला दुकानदार, जो म्हणाला होता, ‘‘दादा, आहे तेवढं घेऊन जा, पुढचा माल मी भरणार नाही.’’

बाजारात नवा म्हणून मिळतो तो पंप दिसायला चकचकीत, पण त्याची तरफ मूळ मापाची असेलच याची खात्री नाही. सरांच्या पंपाची बॉडी मूळची होती, ओतीव, कुठे तडा नाही. मी किट घालायचं ठरवलं.

उघडण्याआधी वरच्या आणि खालच्या भागावर मिळून कानशीने एक आडवी रेघ ओढली. हे विसरलं तर बसवताना पाईपची तोंडं भलत्या दिशेला येतात. स्क्रू काढले, वरचं झाकण अलगद सोडवलं. डायफ्रॅम बघण्यासारखा होता. मधल्या धातूच्या चकतीच्या कडेला, जिथे तो दर फेरीला दुमडतो, तिथे अर्ध्या चंद्राच्या आकाराची चीर, नखाएवढी. बाकीचं रबर एकीकडे फुगलेलं, चिकट, आणि दुसरीकडे वाळून कडक. व्हॉल्व्हची एक चकती बैठकीवर पूर्ण टेकत नव्हती. तिथे तपकिरी साका होता. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागण्याचं कारण ते. रात्रभरात पेट्रोल उलटं टाकीकडे जायचं आणि सकाळी पंपाला कोरड्या पाईपापासून सुरुवात करावी लागायची.

नवा डायफ्रॅम बसवताना एक गोष्ट फार कमी जण पाळतात. स्क्रू आधी नुसते टेकवायचे, आवळायचे नाहीत. मग तरफ बोटाने पूर्ण दाबून धरायची, म्हणजे डायफ्रॅम जितका खाली जाऊ शकतो तितका जातो, आणि त्या अवस्थेत समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे करत आवळायचे. तरफ मोकळी ठेवून आवळलं तर पडदा वरच्या जागी ताठ बसतो, प्रत्येक फेरीला कडेतून खेचला जातो आणि काही महिन्यांत तिथेच फाटतो. तरफ धरून ठेवायला अंगठा दुखतो. पोरगा म्हणाला, पक्कड लावू का? म्हटलं, नको, पकडीला कळत नाही किती दाबायचं.

झाकणाच्या कडा काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केल्या. पंप रॉकेलमध्ये बुडवून हाताने हलवला. धार भिंतीपर्यंत गेली. येणाऱ्या तोंडावर बोट ठेवून तरफ दाबली तर बोट ओढलं गेलं आणि सोडल्यावरही ओढ काही क्षण टिकली. व्हॉल्व्ह बसले.

एक सवय मात्र मला सोडावी लागली. पूर्वी पेट्रोलच्या जोडालाही आम्ही शेलॅक लावायचो. शेलॅक म्हणजे चपडा लाख. सुतार पॉलिशसाठी तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, आणि इथेनॉल हे स्पिरिटच. जून २०२२ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं यायला लागलं, आता तेच जिकडेतिकडे. त्याने जोडांवरची लाख मऊ होऊन वाहते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसते. तेव्हा मात्र ‘कचरा आलाय’ हे खरं असतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे हे कोणाला पटत नसेल तर मी औषधाच्या उभ्या बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात थोडं पाणी घालून हलवून दाखवतो. जरा वेळ ठेवलं की खालचा थर आपण घातलेल्या पाण्यापेक्षा जाड दिसतो. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. हेच महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत होतं, हवेतलं बाष्प घेऊन. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचं रबर २० टक्क्यांचा विचार करून घेतलेलं असतं. पद्मिनीच्या रबराला कुणी विचारलंच नव्हतं.

‘‘सर, तुमच्याच उसाने तुमचा डायफ्रॅम खाल्ला,’’ मी म्हणालो. सरांचा दोन एकर ऊस साखर कारखान्याला जातो, आणि उसापासून इथेनॉल होतं.

‘‘उसाचे पैसे वेळेवर दे म्हणावं, पुढच्या दहा डायफ्रॅमची मी सोय करतो.’’

सगळं खापर इथेनॉलवर फोडणंही बरोबर नाही. तो डायफ्रॅम जुना होता, गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी असायची, आणि पाईप तर इथेनॉल यायच्या आधीपासूनचा वाटत होता. इथेनॉलने मरणाऱ्याला धक्का दिला, एवढंच. पण आता किट घेताना मी रबर कोणतं आहे ते विचारतो. दुकानदार ‘एक नंबर’ म्हणतो. मग मी त्याचा तुकडा पेट्रोलच्या बाटलीत आठवडाभर बुडवून ठेवतो, फुगतो का बघायला. पोरं हसतात.

सरांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. कशाला ती जुनी कटकट, सरळ इलेक्ट्रिक पंप टाकून द्या काका. कल्पना वाईट नाही. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. ओढताना पाईपमधला दाब कमी होतो, उन्हाळ्यात पेट्रोल आधीच तापलेलं, मग त्याची पाईपमध्येच वाफ होते आणि वाफ ओढून पंपाच्या हाती काही लागत नाही. पुण्याहून येताना मे महिन्यात खंबाटकी चढणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली पूर्वी ओलं फडकं दिसायचं ते पंपावर टाकलेलं असायचं. ढकलणाऱ्या पंपात हा त्रास बराच कमी होतो. पण पंप कार्बोरेटरच्या दाबाचा पाहिजे. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तीन बारच्या आसपास दाब देतो. तो पद्मिनीला जोडलेली एक गाडी मी बघितली आहे. कार्बोरेटरची सुई तो दाब अडवूच शकत नव्हती आणि पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडत होतं. दुसरं म्हणजे, जुना पंप इंजिन बंद पडलं की आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंप चावी चालू असेपर्यंत चालतो. गाडी ठोकली, पाईप तुटला आणि पंप चालूच राहिला तर? त्यासाठी वेगळा रिले, वेगळा फ्यूज, नीट वायरिंग करावं लागतं, आणि जुन्या गाडीत वायरिंग म्हणजे आधीच सगळ्यांनी हात धुऊन घेतलेले असतात. मी नको म्हटलं.

गेल्या महिन्यात मात्र एका सँट्रोत टाकीतलाच पंप बदलला, आणि ते काम मला कौतुकाचं वाटलं. मागची सीट उचलायची, खाली झाकण, झाकणाखाली पंप. काही गाड्यांत पूर्ण टाकी उतरवावी लागते त्यापेक्षा हे लाख पटीने बरं. पंप अडकला होता. टाकीला खालून हाताने थापटलं की चालू व्हायचा, चार किलोमीटरनंतर पुन्हा बंद. मालक कायम रिझर्व्हवर गाडी चालवणारा. तो पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. टाकी रोज कोरडी ठेवली की तो तापतो. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, पेट्रोल परवडत नाही. मग पंप परवडतो का, हे मी विचारलं नाही. या पंपाला उघडून किट टाकता येत नाही. गेला की गेला. पण तिथेही आधी फ्यूज, रिले, कपलरवर करंट आणि अर्थिंग बघूनच टाकीला हात लावायचा, हे तसंच.

सरांच्या गाडीला टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी तुकडे नवे घातले, लोखंडी नळीत हवा मारली, इंजिनाचं ऑइल पूर्ण काढून नवं भरलं. स्टार्ट करताना पोराने सवयीने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायला बाटली उचलली होती. ती काढून घेतली. तोंडातून भडका येऊन भुवया जळालेले लोक मला माहीत आहेत. थोडा वेळ सेल्फ मारला, थांबलो, पुन्हा मारला. वाटी भरली तशी गाडी लागली. मग मी स्वतः पाचगणीपर्यंत नेली, वर टेबललँडच्या फाट्याला इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडून पंपाखाली हात फिरवला. कोरडा.

बिल दिलं तेव्हा सरांनी कागद हातात घेऊन एकेक ओळ वाचली. किट, पाईप, क्लिपा, ऑइल. शेवटच्या ओळीवर थांबले.

‘‘तपासणी? हे काय?’’

‘‘पंप गेलाय हे शोधून काढलं त्याचे सर.’’

‘‘आणि पंप बसवल्याचे?’’

‘‘त्याचे निम्मेच लावलेत.’’

सरांनी खिशातून पेन काढून बेरीज तपासली. वीस रुपये मी कमी लावले होते. ते त्यांनी लिहून वाढवले आणि पैसे दिले.